आवाज येतोय का

मंगळवारी साडेआठला मी खाली येतो,
पार्किंगमध्ये स्वतःच्याच गाडीत बसतो,
काचा वर, मोबाईल स्टिअरिंगला टेकवून.
पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत
आतून नीट लागणारं दार नाही.

स्क्रीनवर लांजेवार मॅडम, नागपूरहून.
मागे कूलर, कूलरवर वाळत टाकलेला टॉवेल.
त्या टॉवेलमुळे मी दुसऱ्यांदा फोन लावला.
"काय म्हणतो आठवडा?" त्या विचारतात,
आणि अंबडच्या कंपनीत दिवसभर
मायक्रॉनमध्ये बोलणारा मी
"बरा" म्हणतो.
"बरा म्हणजे किती?"

मग वही उघडावी लागते.
काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं.
तिसऱ्या रकान्यात वर एकदा लिहिलंय: गप्प.
खाली पानभर नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
सुटताना गेटवर रोज झडती,
खिसे, डबा, चपला.
घरी येऊन शर्ट खुंटीला लावायचे
आणि मग त्यांच्यातून काहीच बाहेर पडायचं नाही.
आई ओट्यापाशी, बाबा चार हातांवर,
मधे मी, सात वर्षांचा पोस्टमन:
बाबांना सांग, ताट वाढलंय.
आईला सांग, भूक नाही.
एकदा मी दोन्हीकडे खोटं सांगितलं
आणि ते जेवले.
हे सांगताना मी खूप हसलो.
मॅडम हसल्या नाहीत.

"कंपनीत पार्ट चुकला तर काय करता?"
पिवळा टॅग. रीवर्क.
"भंगारात नाही टाकत?"
मला कळलं कुठे नेताय ते, मी म्हणालो,
पण माणूस म्हणजे शाफ्ट नाही.
"नाहीच," त्या म्हणाल्या,
"शाफ्टची बायको नसते."

सातव्या मंगळवारी नेट गेलं.
मी बोलत होतो, पहिल्यांदाच न अडखळता,
आणि त्यांचा चेहरा थांबला,
डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरा वाकडे.
मॅडम?
आवाज येतोय का?
माझं काही चुकलं का?
अकरा सेकंद. तळहाताला घाम,
काचेवर माझीच वाफ.
आणि हा सूर ओळखीचा वाटला.
चहा टाकू का.
पंखा कमी करू?
निहारची फी भरलीस?
दुधाच्या पिशव्या दोन की एक?
नऊ वर्षं संज्योत
हेच विचारत होती.

मॅडम परत हलल्या.
"तुम्हीच अटकून गेले होते तिकडे," म्हणाल्या.
मी म्हणालो, हो.

शुक्रवारी भांडण झालं. कारण लिहीत नाही, फालतू होतं.
जीभ सवयीनं टाळूला चिकटली,
पाय गॅलरीकडे निघाले,
तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
त्याच्याकडे बघत मी कितीतरी रात्री दगड झालोय.
मागून ती म्हणाली, "निहार, बाबांना सांग..."
निहारनं पेन्सिल खाली ठेवली. उठलासुद्धा.

थांब, मी म्हणालो. मला सांग.
आणि मग पाठ केलेलं, एका दमात:
मला राग आलाय, वीस मिनिटं दे, मी परत येतो.
ती बघत राहिली.
"हे तुझं वाक्य नाही."
नाही. विकतचं आहे. तासाला नऊशे.
तिला हसू आलं नाही.

विसाची पस्तीस झाली.
आत गेलो तेव्हा ती कणीक मळत होती,
पाठ माझ्याकडे.
पुढचं वहीत नव्हतं.
"दोन," मी म्हणालो.
"काय दोन?"
"दुधाच्या पिशव्या. तू मागे विचारलं होतंस."
परातीतला हात थांबला.
"मागे म्हणजे," ती म्हणाली,
"दिवाळीत."