कोल्ड स्टोअरेजचं नाक

एकतीस वर्षं आमची फॅक्टरी
तोरलाइफच्या नाकावर चालली.
कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारात तो थांबायचा,
टोपी मागं सारायचा
आणि हवेचा एकच घोट घ्यायचा,
कॉफी पिण्याजोगी आहे का बघावं तसा.
"ठीक."
मग आम्ही सगळे आत.

अमोनिया आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना,
मग तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही.
चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत आर्विदकडे उरलं नाही.
त्या दिवशी तोरलाइफ ट्रॉम्सोला होता,
बहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला.
हे त्यानं मला कधी सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं.
जाफन्याहून आल्यापासून ती तिसऱ्या लाइनवर
कॉडचे काटे काढते,
आणि गावातलं सगळं तिच्या सुरीखालून जातं.

मार्चमध्ये टार्टूहून काइए आली,
डबीत नखाएवढी चकती घेऊन.
म्हणाली, जुन्या सेन्सरना आधी भट्टी लागते,
तीनशे अंश तापवा, तेव्हा कुठं त्यांना वास येतो.
तुमच्या या उणे अठराच्या बोळात
तापवणार किती, आणि कशाला?
हा गारच राहतो.
कथिलाच्या ऑक्साइडचे कण,
केसाच्या रुंदीत दहा हजार मावतील एवढे,
ग्राफीनच्या पदरावर पेरलेले,
वरून पॉलिअ‍ॅनिलीनचा हिरवा हात.
एकट्यादुकट्याला जमत नाही,
म्हणून नॅनोकंपोझिट.
"म्हणजे शिफ्ट," आई म्हणाली, आणि पुन्हा काटे काढायला लागली.

अमोनियाचा रेणू येऊन बसला
की विजेची वाट जड होते,
आकडा चढतो.
दशलक्षात दोन.
एवढ्यावर माणसाचं नाक अजून झोपेत असतं.

मी वायरी ओढल्या. शिडी तोरलाइफनं धरली.
चाचणीसाठी काइएनं कुपीचं बूच काढलं,
आकडा चढला, चढतच गेला,
मी तोंड फिरवलं, खोकले.
तोरलाइफ तिथंच,
कुपीपासून दोन वितींवर,
डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि चेहरा कोरा.
मग माझ्याकडे बघून
त्यानं घाईनं नाक मुरडलं.

उशिरा.

मी विचारलं नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वीचा तो ताप असणार.
म्हणजे दोन वर्षं दारात थांबून, टोपी मागं सारून
तो म्हणत होता, ठीक,
आणि आम्ही चौदा जण आत.

तिकडे काइए वैतागलेली.
कुपी बंद करून वीस मिनिटं झाली, आकडा उतरेना.
"वास घेणं सोपं असतं," ती म्हणाली,
"थंडीत सोडणं अवघड.
उष्णता असती तर उडून गेला असता.
गारठ्यात बसला की बसला."
शिडीवरचा हात न काढता तोरलाइफनं विचारलं,
"किती वेळ?"
"कधी तासभर. कधी अख्खी रात्र."
"एवढंच?" तो म्हणाला.

मग तिनं चकतीवर एक दिवा लावला,
जांभळा, टिचकीएवढा,
आणि आकडा हळूहळू खाली आला.
शून्यावर नाही. शून्याच्या आसपास.

सोमवारी तोरलाइफ आपण होऊन मॅनेजरकडे गेला.
दार लावून काय बोलणं झालं
ते आईलाही कळलं नाही,
म्हणजे खरंच कुणाला कळलं नाही.
नोकरी राहिली. तेलाचे फिल्टर बदलतो,
बर्फ खरवडतो,
आणि सकाळी अजून दारात थांबतो.
आधी आकडा बघतो.
मग सवयीनं एक घोट.

दिवा दर तासाला एकदा आपोआप लागतो.
तेव्हा तो जवळपास असला
तर हातातलं काम ठेवतो,
आणि दिवा विझेपर्यंत हलत नाही.