दौलतगंज, डिसेंबर

निषादनं डब्याला भोकं पाडली.
पोळ्यांचा जुना डबा,
झाकणावर आईचं नाव कोरलेलं, निम्मं घासून गेलेलं.
आत नखाएवढा पंखा, एक लाल ठिपका;
धूळ मोजतो म्हणे, कण न् कण.
मोजू दे.
मी एकतीस वर्षं नुसती पुसत आले.

वहीत लिहिते. सकाळी एकशेचाळीस. दुपारी नव्वद.
साडेसातला मात्र रोज उडी, तीनशेच्या वर.
टायर? कचरा? कुणाच्या वरातीचे फटाके?
गॅलरीतून वाकून पाहिलं तर
हरप्रसाद इस्त्रीत कोळसे भरत होता.

तो रोज विचारतो,
दुधाचा भाव विचारावा तसा,
"दीदी, आज कितना?"

एका संध्याकाळी डबा खाली नेला,
त्याच्या गाडीवर ठेवला, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी.
सहाशे बारा.
त्यालाही आकडे वाचता येतात.

"कोहरा है भैया," मी म्हटलं, "सस्ती मशीन है."
खोटं नव्हतं अगदीच.
निषादच म्हणाला होता,
धुकं आणि धूर याला वेगळे कळत नाहीत.
पण त्या संध्याकाळी किल्ल्यावरचे दिवे
एकेक मोजून घ्यावेत इतके लख्ख होते,
आणि हरप्रसादही तिकडेच बघत होता.

मग खोकला. तोंड वळवून,
कपड्यांवर काही उडू नये म्हणून.

रात्री वहीत ६१२ लिहिलं.
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
सकाळी त्यानं ब्लाउज आणून दिले,
वरचा अजून गरम होता.
तोच घातला.