किती मिनिटं

सवय आहे. कुणाच्याही घरात शिरलो
की चपला काढायच्या आधी बोट वाकवून
भिंतीवर टकटक करतो.
बद्द वाजली तर वीट. पोकळ वाजली तर
आत जिप्समचा पुठ्ठा,
आणि डोकं आपोआप हिशेबाला बसतं.

ही दगाजी आहिररावांची देणगी.
शिंगाडा तलावाच्या आवारात, बंबाच्या सावलीला
आम्हा अकरा नव्या पोरांना उकिडवं बसवून
पहिल्याच दिवशी म्हणाले :
आग नंतर शिका, आधी घर शिका.
आग सगळीकडे एकच असते रे,
घरं वेगवेगळी मरतात.

लाकूड बोलतं, म्हणायचे.
भद्रकालीत एखाद्या माळवदाखाली उभा असशील
तर कान दे. सागाची तुळई आधी वरवर कोळसते,
आणि तो कोळसाच आतल्या लाकडावर
पांघरूण घालतो थोडा वेळ.
मग कुरकुरते. मग वरून माती सुटते, चिमूट चिमूट,
म्हातारं माणूस उठायच्या आधी गुडघे मोडतं तसं.
तेवढ्यात तू बाहेर.

लोखंड बोलत नाही.
अंबडच्या शेडा बघ, कशा ताठ.
लोखंड जळत नाही साहेब, मालक छातीवर हात ठेवून सांगेल.
खरंच जळत नाही.
नुसतं तापतं, लांबतं, भिंतीला बाहेर रेटतं
आणि साडेपाचशे-सहाशेला पोचलं
की अंगातलं अर्धं बळ टाकून देतं.
धड लाल व्हायचीही वाट बघत नाही.

इथं ते थांबायचे.
डाव्या हाताची नसलेली दोन बोटं
उजव्या हातानं चोळायचे.
कुठली शेड, कुठलं साल,
आम्ही विचारलं नाही.

आणि काँक्रीट? विश्वास ठेवायचा,
पण नव्या जावयावर ठेवतात तेवढाच.
ओल धरलेला स्लॅब तापला की आतली वाफ
खपल्या उडवते, गोफणीच्या गोट्यांसारख्या,
सळई उघडी पडली की पुन्हा तेच मुकं लोखंड.
विटेची भिंत कलली
तर तिच्या उंचीच्या दीडपट लांब उभं राहायचं, फोटो काढायला थांबायचं नाही.
कॉलेज रोडची चकचकीत दुकानं त्यांना बघवत नसत.
दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिक,
उभी केलेली मेणबत्ती नुसती,
आणि वर नाव काय, तर रॉयल अमुक.

मागच्या मार्गशीर्षात पुतणीसाठी स्थळ बघायला
पाथर्डी फाट्याला गेलो. सातवा मजला.
पोहे आले. मुलगा बरा वाटला, कमी बोलत होता.
वर खोटं छत, त्याच्या खोबणीत निळे दिवे,
जिन्याचं दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं,
जिन्यात दोन सायकली, एक गुंडाळलेली गादी.
मुलाचे वडील हसून म्हणाले,
काय मग काका, घर कसं वाटलं?
तोंडातून निघून गेलं :
वीस मिनिटं.

भाऊ चार दिवस बोलला नाही माझ्याशी.

पण लग्न झालं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी
मी आणि नवरदेव, दोघांनी मिळून
सायकली खाली नेल्या, गादी नेली.
दार आपलं आपण मिटलं, सावकाश,
खट् असा आवाज झाला. तो म्हणाला, बस, एवढंच?
विटेचा तुकडा मी पिशवीत घातला.

तोच दाखवायला परवा म्हसरूळला गेलो.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली त्यांना,
कान गेलेत म्हणतात.
दारापाशी पोचलो, सवयीनं बोट वाकवलं,
भिंतीवर दोनदा वाजवलं.

आतून म्हातारा ओरडला,
चाळीस!
मग जरा थांबून,
पडदे काढल्यापासून पंचेचाळीस. ये.