डावीकडे ओढणारी

मी आधी बॉनेट उघडत नाही.
बॉनेटखालचं सगळं त्यांनी काल रात्रीच डिझेलने पुसलेलं असतं.
मी खाली बसतो, उजवा गुडघा जपत,
आणि पुढच्या डाव्या टायरवरून तळहात फिरवतो,
आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर.
जाताना रबर मांजराच्या पाठीसारखं,
परतताना करवत.
म्हणजे टो बिघडलेला. आज-कालचा नाही.

गंगाधामच्या चढावर निखिल जगतापचं दुकान,
पत्र्याखाली अकरा गाड्या, अकराही डॉक्टरांनी वापरलेल्या.
"सिंगल हँड," निखिल म्हणतो, "अडतीस हजार किलोमीटर फक्त."
घोडकेबाई माझ्याकडे बघतात.
त्यांनी मला पाचशे रुपये दिलेत, खरं बोलायचे.
वय बावन्न. बिबवेवाडीत रोजचे साठ डबे,
आणि यापुढे रिक्षावाल्याशी भांडायचं नाही असं ठरवलंय.
चालवता येते का, विचारलं तर म्हणाल्या,
"गाडी आली की येईल."

मागचे दोन टायर कोरे, अंगावरची लव तशीच.
नवा टायर बोलत नाही. म्हणून तर बसवतात.
पुढच्यांवर चार आकडे : ३२१९.
एकोणीस सालचा बत्तिसावा आठवडा.
खाचेत रुपया घातला, बुडायचं नाव नाही.
आतली कड तारेपर्यंत खाल्लेली
आणि डाव्या टायरच्या गालावर ओरखडेच ओरखडे,
फुटपाथचा काळा-पिवळा रंग रबरात मुरलेला.
एक माणूस इतक्यांदा एकाच बाजूला चुकत नाही.
इतकं चुकायला पुष्कळ माणसं लागतात.

मग मी डावीकडचं दार उघडलं, मॅट उचललं.
पत्र्याला दोन भोकं,
रबरी बुचांनी बुजवलेली.
शेजारी बसणाऱ्या मास्तरांचा क्लच. मास्तरांचा ब्रेक.
"डॉक्टर शिकवायचे का हो?"
निखिलने न वाजलेला फोन कानाला लावला
आणि बोलत बोलत कोपऱ्यात गेला.

रस्ताही डावीकडे उतरता असतो, पाणी जावं म्हणून.
त्यावर आळ नको, म्हणून मी गाडी दुभाजकाला धरून घेतली,
चाळीसचा वेग, आणि दोन्ही हात सोडले.
एक. दोन. तीन म्हणायच्या आत
ती सावकाश डावीकडे निघाली,
कुणीतरी वर्षानुवर्षं सांगितल्यासारखी :
डावीकडे घ्या, डावीकडे घ्या, मागून बस आहे.

मी सांगितलं, सोडा. नाहीतर सत्तावीस हजार कमी करा :
दोन टायर, खालच्या आर्मचे बुश, अलाइनमेंट, क्लच प्लेट.
बाईंनी मॅट पुन्हा उचललं. बूच बोटाने दाबून पाहिलं.
"किती जण शिकले असतील हिच्यावर?"
"चारशे. पाचशे."
"आणि येते सगळ्यांना आता?"
मी टायरकडे पाहिलं.
ते काही तिथे लिहिलेलं नसतं.

निखिल बावीसवर तुटला.

नाना पेठेत रशीदने गाडी रॅकवर चढवली,
चाकांना आरसे लावले. पडद्यावर सगळं लाल.
टाय रॉडला पाना, अर्धा फेरा, पाव, अजून केसभर,
एकेक आकडा हिरवा होत गेला.
डाव्या कँबरचा तेवढा झाला नाही.
"जुना मार आहे," रशीद म्हणाला, "इतकं राहणार."
"राहू दे," बाई म्हणाल्या. "माझंही खांद्याचं राहिलंय."

शिकाऊ लायसन्स पर्समधून काढून त्यांनी समोर काचेशी ठेवलं,
कुणी न विचारता.
मला म्हणाल्या, बसा डावीकडे.
मी बसलो.
दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा गाडी निघाली,
आणि पहिल्याच वळणावर, समोर टेम्पो,
माझा उजवा पाय आपोआप मॅटवर दाबला गेला,
जिथे आता नुसतं बूच आहे.