गुंडू

सात आठवडे झाले, गुंडूनं काही खाल्लं नाही.
मजुरीच्या वहीत, साड्यांच्या आकड्यांशेजारी
मी त्याचं वजन लिहितो:
अकराशे चाळीस. अकराशे अठरा. एक हजार शहाण्णव.
वाण्याकडचा जुना काटा, त्यावर प्लॅस्टिकची बुट्टी,
बुट्टीत तो, वेटोळं घालून, डोकं पोटाखाली.

श्रेयसनं आणला तेव्हा म्हणाला, बॉल पायथन,
आफ्रिकेतला आहे, वनखात्याचा कागद आहे, भिऊ नका.
मी म्हटलं, गुंडू म्हणूया.
आमच्या वडगावात ते दोन्ही भाषांत गोलच.
मग त्याला बेंगळूरला नोकरी लागली,
आणि खोलीवाली म्हणाली, पोरगा चालेल.

दर शुक्रवारी फ्रीजमधून उंदीर काढतो.
वहिनीनं तेव्हापासून तिथं दही ठेवायचं सोडलंय.
कोमट पाण्यात अर्धा तास. पुसतो. चिमट्यात धरून
जिवंत असल्यासारखा हलवतो.
जीभ बाहेर येते, दोनदा.
मग तो तोंड फिरवतो.
उंदीर मी परसात पुरतो
आणि साबणानं हात धुताना लाज वाटते,
कुणाची ते कळत नाही.

शेजारची लगमव्वा म्हणाली, दूध दावून बघ की गा.
तिचा नातू म्हणाला, जबडा उघडून कोंबूया.
डॉक्टर हिरेमठांनी घसा बघितला,
पोटावरून अंगठा फिरवला, सावकाश, शेपटीपर्यंत.
"बिड्री. हसिवु आदाग ताना तिंतैती."
भूक लागली की आपणच.
मी पिशवी उचलली, तर म्हणाले, घरात धंदा काय?
माग, म्हटलं. दोन.
त्यांनी टेबलावर बोटं वाजवली, गुंडूजवळ.
तो आणखी आत गेला.
"कान नाहीत त्याला. पोटानं ऐकतंय."

घरी येऊन मी फरशीवर पालथा झालो.
चाळीस वर्षं ज्या आवाजात जेवलो, झोपलो, भांडलो,
तो खालून वेगळाच लागतो:
धोटा इकडून सुटतो, तिकडं आदळतो,
आणि मधल्या वेळात फरशी थरथरत राहते,
जणू कुणीतरी येतंय, येतंय,
पोचत मात्र नाही.

पहिलीत मला कन्नड शाळेत घातलेलं.
चार दिवस डबा उघडला नाही.
कुणी रागावलं, कुणी घास धरला तोंडापुढं,
सगळा वर्ग वळून बघायचा.
पाचव्या दिवशी अक्कोरांनी रस्त्याकडची खिडकी लावली,
पोरं बाहेर काढली,
आणि माझ्याकडं पाठ करून फळा पुसत राहिल्या.
पुसलेलाच पुन्हा पुसला.
मी भाकरी खाल्ली, शेंगाचटणीसकट.
आकडे मी अजून त्यांच्याच भाषेत मोजतो.

बुधवारी रात्री माग बंद केले.
शेठचा फोन आला, काय करायलास?
दसऱ्याचा माल हाय.
मोटर जळाली, म्हटलं.
पेटी उचलली, खाली सुताच्या कचऱ्याची दोन पोती,
त्यावर ट्रकची जुनी ट्यूब, मग पेटी.
काचेवर डागी साडीचा तुकडा टाकला,
मोरपंखी, काठ उसवलेला.
दोन दिवस हात लावला नाही, वजनसुद्धा केलं नाही.
गल्लीतले माग चालूच होते, पण लांबून,
भिंतीपलीकडं कुणी दळत बसल्यासारखे.
मला काही झोप येईना.

शुक्रवार. मडक्याच्या तोंडाशी उंदीर ठेवला.
हलवला नाही. बत्ती मालवली,
पाठ केली,
आणि हातांना काही हवं म्हणून
अंधारात कांड्या मोजायला बसलो.
एकतिसावर काहीतरी काचेला लागलं,
मऊ, एकदाच.

वळलो नाही.
आकडा मात्र गेला.
पुन्हा पहिल्यापासून, आवाज न करता,
ओंदु, एरडु, मूरु