तिसरा राउटर

पहिला खाऱ्या हवेनं खाल्ला, दीड वर्षात.
पोर्टांच्या तोंडाशी हिरवट बुरा,
केबल उपसली तर वायर हातात आणि टोक आतच.
दुसरा शिमग्याच्या आदल्या रात्री व्होल्टेजनं नेला.
सोसायटीचे सेक्रेटरी दोरकुळकर म्हणाले,
आता असा आणा बाई, ज्याला अंगच नाही.
थट्टेनं म्हणाले. मी म्हटलं, मिळतो.

म्हणून हर्णैला, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मी, एक जुना सर्व्हर,
आणि पेन ड्राइव्हमध्ये एक फाइल,
आत अख्खा राउटर घडी घालून ठेवलेला.

खाली पुळणीवर लिलाव. सुरमईचे भाव चढतायत.
वर माझीही बोली चालू:
तो चार जीबी मेमरी मागतो, मी दोन देते,
उठत नाही.
तीन देते. नाही.
चार दिल्यावर उठतो आणि तिथंच बसतो.
बायोसमध्ये शिरून बघते तर
एक साधी खूण, कुणी कधी चालूच केली नव्हती.

मग डिस्क ओळख देईना.
फाइल एका घरची, हायपरवायझर दुसऱ्या,
मधे सोयरीक जुळवायची तर एका ओळीची आज्ञा
आणि वीस मिनिटं नुसते टक्के मोजणं.
तेवढ्यात भरती जेटीच्या तिसऱ्या पायरीला आली.

मग काळी खिडकी.
डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, तीही लुकलुकत नाही.
पुसला, पुन्हा बसवला. काळी.
पुन्हा.
सीपीयूचा आलेख मात्र वरखाली होत राहिला
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

मजीदचाचा चहा घेऊन वर आले.
"बंद हाय काय?"
"तेच कळत नाही."
ते काही बोलले नाहीत, कप ठेवून गेले.
खाली त्यांच्या कॉम्प्रेसरला
ते लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात, मूठ कानाशी, डोळे मिटून,
आणि सांगतात कुठलं बेअरिंग जाणार, गणपतीआधी की नंतर.
गेजकडे ते बघत नाहीत. गेजची काच
मिठानं कधीच आंधळी झालीय.

चहा निवला.
मी त्या नसलेल्या यंत्राला एक सिरिअल पोर्ट जोडला,
जो हल्ली खऱ्या यंत्रांनाही कुणी ठेवत नाही.
दुसरी खिडकी उघडली. एंटर.

लॉगिन:
लॉगिन:
लॉगिन:

कधीपासून विचारत होता कोण जाणे.

पुढं दोन तारा उलट निघाल्या,
मी खाडी धरली ती त्याच्या लेखी समुद्र.
मॅक अ‍ॅड्रेसची शेवटची अक्षरं बोट ठेवून जुळवली,
चौथीत जोड्या लावायचो तशी.
पहिलं पिंग गेलं ते गेलंच.
दुसरंही.
तिसरं परत आलं, तेवीस मिलिसेकंदांत,
आणि खाली वजनकाट्याचा प्रिंटर
दोन दिवसांच्या अडकलेल्या पावत्या ओकू लागला.

दोरकुळकर वर आले, हातात डेडस्टॉक रजिस्टर,
दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश.
राउटर, नग एक.
आकडा कुठं घालू?
मी सर्व्हर दाखवला. "तो बावीस नंबर आहे," म्हणाले.
पडदा दाखवला. तो एकोणीस.
ऑडिटला जून उजाडेल, पण येतात.

बराच वेळ ब्रश हवेत.
मग त्यांनी अडगळीतून पहिला, गंजका डबा काढला,
त्यावरचा आकडा खोडला, नवा घातला,
फुंकर मारून वाळवला
आणि डबा खिळ्याला होता तसा टांगला.