डाव्या कोपऱ्यातली सही

एकतीस वर्षं मी इन्व्हरकार्गिलच्या बँकेत
चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या.
शेपूट आखूड निघालं की चेक परत.
म्हाताऱ्या मेंढपाळांचे हात कापायचे.
मी म्हणायची, मिस्टर ऑचिंक्लॉस,
पुन्हा करा बघू, सावकाश.

आता लोक पाकिटं पाठवतात.
मामांची, आजोबांची,
लिलावात चार डॉलरला घेतलेल्या खोक्यातली.
वर मुकुट, खाली आकडा, शाई जांभळी,
आणि डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक फरकाटा :
वाचलं. जाऊ द्या.
कुणाचा, एवढंच विचारतात.

दोनशे सतराचा शिक्का ज्याच्याकडे होता
त्याला कुणी गॅल्ट वाचलं, कुणी गिल्बर्ट.
मार्चमधे त्याची सही धड होती.
जूनपर्यंत अक्षरं वितळली,
उरला एक आकडा, मासे धरायच्या गळासारखा,
आणि त्याला लागून वाळूत ओढलेली रेघ.
एका रात्रीची तीस-चाळीस पत्रं.
मेणबत्ती किती उरली होती
तेही रेघेवरून सांगता येतं.

सापडला तो आईला लिहिलेल्या पत्रात.
अधिकाऱ्याचं पत्र अधिकाऱ्यानंच वाचलेलं,
स्वतःच स्वतःला जामीन.
ओमारूच्या त्या पाकिटावर पूर्ण नाव,
'आय'वर टिंब, 'टी'वर आडवी रेघ :
लेफ्टनंट इनिस गॅल्ब्रेथ.
तोच गळ, फक्त घाई नसलेला.

डिसेंबरपासून सही उलटी झुकते.
का, ते कुठल्याच वहीत नाही.
मी पेन्सिल डाव्या हातात धरली,
करून पाहिली.
तशीच आली.

मग ब्लफहून एक बाई आल्या, पत्र घेऊन.
त्यांची मावशी रोना टीग गेली, ब्याण्णवाव्या वर्षी.
पत्र ऑयस्टरच्या बोटीवरच्या वॉटी स्पेन्सचं,
आणि मधोमध ब्लेडनं कापलेली खिडकी,
दोन बोटं रुंद.
मावशी सांगायची, इथे त्यानं मागणी घातली होती.
सैन्याला तेवढंच खुपलं.
काय होतं हो इथे?

खिडकीआधी : आम्ही आता.
खिडकीनंतर : पासून दहा मैलांवर.
गावाचं नाव, दुसरं काय.
ब्लेड गावांची नावं कापायचं, लग्नं नाही.
उत्तर लिहायला घेतलं, तेवढं वाक्य लिहिलंही,
मग कागद पालटला.

कागदाला मागची बाजू असते
आणि ब्लेडला ते ठाऊक नसतं.
मागे, त्याच भोकाच्या कडेला :
ब्लफला उतरलो की
आणि पलीकडे :
ऑयस्टरचा हंगाम संपायच्या आत.

बोट दुरुस्त करू, असंही असेल.
उधारी फेडीन.
चर्चमधे शब्द टाकू.

पाकीट पुन्हा भिंगाखाली घेतलं.
जुलै. गळाचे दिवस, नुसत्या रेघेचे.
पण या एकावर
'आय'वर टिंब आहे.
एवढंसं, कागदात रुतलेलं,
पाठीमागून बोटाला लागतं.
त्या रात्रीच्या इतर आठ पाकिटांवर नाही, मी मोजली.
त्यानं कागद पालटला असेल, आधी की नंतर.
किंवा पेन्सिल नुसती अडखळली असेल.
टिंबावरून माणूस ओळखता येतो,
त्याच्या मनात काय होतं ते नाही.
हे मी बँकेतही सांगायची.

उत्तर थोडक्यात गेलं :
सही लेफ्टनंट गॅल्ब्रेथ यांची, शंका नाही.
काय कापलं ते सांगता येत नाही.
मधलं वाक्य मी शाईनं गिरवून बुजवलं,
उजेडासमोर धरून पाहिलं,
अक्षर दिसत नाही.

पाकीट बंद केलं, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी
खाली डाव्या कोपऱ्यात सही केली,
ई. मॅकॅस्किल.
हात जरा कापला.
बँकेत असते तर परत पाठवली असती.